ड्विंगलोला फ्रिंज दिसेपर्यंत

दूरदूरच्या रेडिओ दुर्बिणी जोडायच्या म्हणजे जाडजूड फायबर लाइन घ्यायची आणि डेटा सोडून द्यायचा, असं बाहेरून वाटतं. लाइन मिळणं हा त्यातला खर्चिक भाग, पण अवघड भाग त्यानंतर सुरू होतो. एका दुर्बिणीवरून नेदरलँड्समधल्या ड्विंगलो इथल्या जाइव्ह या केंद्रातल्या कोरिलेटरकडे, म्हणजे सगळ्या दुर्बिणींचे संकेत एकमेकांशी जुळवणाऱ्या यंत्राकडे, सेकंदाला एक गिगाबिट डेटा थेट पाठवायचा, तर फ्रिंज, म्हणजे दोन दुर्बिणींचे संकेत जुळल्याची खूण, दिसेपर्यंत कुठे काय अडतं आणि ते कसं सोडवायचं, ते कामाच्या क्रमाने लिहितो आहोत.

हा सगळा खटाटोप कशासाठी? दीर्घ आधाररेषेची व्यतिकरणमिती, म्हणजे व्हीएलबीआय, ही दूरदूरच्या दुर्बिणींचे संकेत जुळवून त्यांना एका मोठ्या दुर्बिणीसारखं वापरायची पद्धत. ती १९६७पासून चालू आहे, तीही नेटवर्कशिवाय. प्रत्येक दुर्बिणीने आपला संकेत अणुघड्याळाच्या वेळेसह टेपवर, पुढे हार्ड डिस्कच्या पॅकवर नोंदवायचा आणि पेट्या भरून कोरिलेटरकडे पाठवायच्या. निकाल तितकाच चांगला यायचा. अडचण अशी, की रिसीव्हरच्या दोन केबली उलट लागल्या असतील तर ते पेट्या उघडून डेटा जुळवल्यावर, काही आठवड्यांनी कळायचं. तोवर ते निरीक्षण हातचं गेलेलं असायचं. थेट जोडणीत हीच चूक दुर्बीण अजून त्याच स्रोताकडे रोखलेली असताना, दोन-चार मिनिटांत पकडता येते. निकाल लवकर मिळतो, एखादा तारा भडकला तर दुसऱ्या दिवशीचं वेळापत्रक बदलता येतं, हे फायदे आहेतच. पण यंत्रशाळेत बसणाऱ्याला विचाराल तर चूक वेळेत कळणं हा पहिला फायदा.

आधी हिशेब. नेहमीच्या मांडणीत १६ चॅनल असतात: ८ उजव्या वर्तुळी ध्रुवणाचे, ८ डाव्या. प्रत्येकाची रुंदी १६ मेगाहर्ट्झ. नायक्विस्टच्या नियमाने सेकंदाला ३ कोटी २० लाख नमुने, प्रत्येक नमुना २ बिटचा. गुणाकार केला की १०२४ मेगाबिट प्रति सेकंद होतात. दोनच बिट का, असा प्रश्न नवा माणूस हमखास विचारतो. दुर्बिणीत येतो तो जवळजवळ निव्वळ गोंगाट. त्याच्या दोन-बिट नोंदीतून सुमारे ८८ टक्के संवेदनशीलता टिकते, आणि उरलेल्या बिटांचा खर्च बँडविड्थ वाढवण्यात जास्त सार्थकी लागतो. गोंगाट असल्यामुळे तो दाबून लहानही करता येत नाही. झिप करून पाठवा, ही सूचना दर वर्षी कुणीतरी करतंच.

आता १०२४ हा आकडा पाहा आणि गिगाबिट इथरनेटच्या १००० शेजारी ठेवा. मावत नाही. सुरुवातीच्या काळात यानेच फार छळलं. हेडर आणि पॅकेटांमधली सक्तीची मोकळी जागा वजा जाता १५०० बाइटच्या नेहमीच्या पॅकेटांत ९५७ मेगाबिट हाती उरतात, ९००० बाइटच्या जंबो पॅकेटांत ९९२. मग १६ पैकी एक चॅनल पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच गाळायचा आणि ९६० पाठवायचे. म्हणजे जंबो पॅकेटं हवीतच, कारण ९६० सुद्धा ९५७ मध्ये बसत नाहीत. दोन गिगाबिट लाइनी एकत्र बांधून पाहणाऱ्यांची निराशा ठरलेली. बांधलेल्या लाइनींवर स्विच पत्ता आणि पोर्ट बघून वाटणी करतो, त्यामुळे एक प्रवाह एकाच लाइनवर जातो आणि दुसरी रिकामी बसते. प्रवाहाचे तुकडे वेगवेगळ्या पोर्टांवर पाडले तरच दोन्ही भरतात. आज १० गिगाबिटची लाइन असेल तर हे सगळं विसरा. पण वाटेत कुठे तरी एक जुनी गिगाबिट कडी राहिलेली नाही ना, एवढं तपासून घ्या.

संकेताचे नमुने घेणाऱ्या डिजिटायझरमधून निघणारा डेटा व्हीडीआयएफ या व्हीएलबीआयच्या ठरलेल्या मांडणीच्या चौकटींत बांधलेला असतो. एका चौकटीत ८००० बाइट नमुने आणि ३२ बाइटचं हेडर. हेडरमध्ये सेकंद, त्या सेकंदातला चौकटीचा क्रमांक आणि दुर्बिणीची दोन अक्षरी खूण. पुढे ८ बाइटचा क्रमांक लावून यूडीपी पॅकेट होतं आणि ९००० च्या आत आरामात बसतं. सेकंदाला १६,००० चौकटी, म्हणजे दर ६२.५ मायक्रोसेकंदांनी एक. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल. जुन्या मार्क-५बी मांडणीची चौकट १०,०१६ बाइटची असते. ती जंबो पॅकेटातही मावत नाही, म्हणून ५००८ चे दोन तुकडे करून जाते. तिकडे क्रम बिघडला की अर्धी चौकट येते आणि पूर्णच टाकून द्यावी लागते.

यूडीपी हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवत नाही, टीसीपी पाठवते. मग टीसीपी का नको, हेही इथेच सांगून टाकू. समजा, दुर्बीण पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला आहे आणि पॅकेटाचा जाण्यायेण्याचा वेळ ३०० मिलिसेकंद आहे. एक गिगाबिट भरून ठेवायला वाटेत एका वेळी साडेसदतीस मेगाबाइट डेटा तरंगता हवा. पोचपावती येण्याआधी जेवढा डेटा पाठवता येतो ती टीसीपीची खिडकी. जुन्या ६४ किलोबाइटच्या खिडकीत मिळतो पावणेदोन मेगाबिटचा वेग. खिडकी वाढवली तरी जुन्या टीसीपीत एक पॅकेट हरवलं की वेग निम्मा होतो आणि दर फेरीला एकेका पॅकेटाने वाढतो. १५०० बाइटची पॅकेटं असतील तर पूर्ववत व्हायला तासाभराहून जास्त लागतो. नव्या पद्धती यापेक्षा खूप बऱ्या आहेत, पण मुळात आपल्याला हरवलेलं पॅकेट परत नकोच आहे. एक टक्का नमुने गळाले तर त्या आधाररेषेची, म्हणजे दुर्बिणींच्या त्या जोडीची, संवेदनशीलता साधारण अर्ध्या टक्क्याने घटते. कोरिलेटरला पॅकेटासाठी थांबवून ठेवणं त्याहून महाग पडतं. म्हणून यूडीपी. गेलं ते गेलं, मात्र कुठलं गेलं हे क्रमांकावरून कळलं पाहिजे, म्हणजे त्या जागी ठरावीक भरतीचा नमुना भरता येतो. भरती न करता पुढचे बाइट तसेच मागे सरकवले, तर तिथून पुढच्या सगळ्या नमुन्यांची वेळ चुकते. एक पॅकेट हरवणं आणि वेळ सरकणं यांत हा एवढा फरक आहे.

आता प्रत्यक्ष वाट. रेडिओ दुर्बीण मुद्दाम वस्तीपासून लांब, डोंगराआड बांधलेली असते. त्यामुळे शेवटचे काही किलोमीटर खोदकाम ठरलेलं. देशाचं संशोधन नेटवर्क, युरोपातलं जीएंट, समुद्राखालच्या केबली हे सगळं आधीपासून असतं. खंदक नसतो. यंत्रशाळेच्या आतही तांब्याची इथरनेट केबल वापरू नका. ती स्वतःच रेडिओ लहरी फेकते आणि रिसीव्हर त्या निष्ठेने टिपतो. सर्व्हर आणि स्विच धातूने बंदिस्त खोलीत ठेवायचे, आणि बाहेर येईल ती फक्त फायबर.

लाइन जोडली की पहिली चाचणी पिंगची. नुसतं पिंग नाही. तुकडे करू नका, अशी खूण लावून ८९७२ बाइटचं पिंग. ९००० मधून २८ बाइट हेडरचे वजा केले की हा आकडा येतो. वाटेत एकाही स्विचवर पॅकेटाची मर्यादा १५०० राहिली असेल तर छोटं पिंग झकास जातं, लॉगिन होतं, फायली जातात, आणि प्रवाह सोडला की पलीकडे शून्य. कुणीही त्रुटीचा संदेश देत नाही. मोठं पॅकेट त्या स्विचवर मुकाट्याने मरतं. प्रत्येक टप्प्याच्या पत्त्यावर ते मोठं पिंग करत पुढे सरका, जिथे थांबेल त्याच्या आसपासचा स्विच दोषी.

दुसरी चाचणी आयपर्फ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामची, यूडीपीत, लागणाऱ्या वेगाच्या दहा टक्के वर, किमान दहा मिनिटं, आणि दुर्बिणीकडून कोरिलेटरकडे याच दिशेने. उलट दिशेची वाट वेगळी असू शकते, तिचा निकाल इथे उपयोगाचा नाही. गळती दिसली तर लगेच नेटवर्कवाल्यांना फोन लावू नका. आधी घेणाऱ्या मशीनवर यूडीपीचे आकडे पाहा. तिथे रिसीव्ह बफरच्या चुका वाढताना दिसल्या तर पॅकेट दारापर्यंत आलं होतं, घरात जागा नव्हती. बफरची कमाल मर्यादा मूळ मांडणीत फारच लहान असते, ती ३२ मेगाबाइटवर न्या. नेटवर्क कार्ड ज्या प्रोसेसरला जोडलंय, त्याच प्रोसेसरवर घेणारा प्रोग्राम बांधा. आमच्या हिशेबाने निम्म्याहून अधिक ‘नेटवर्क बिघाड’ इथेच संपतात.

वाटेत फायरवॉल असेल तर प्रवाह तिच्या बाहेरून काढा, वेगळ्या व्हीलॅनवरून, म्हणजे त्याच स्विचांवर वेगळ्या काढलेल्या आभासी नेटवर्कवरून. सेकंदाला सोळा हजार पॅकेटं एकेक तपासायचा तिचा पिंड नाही.

सरासरी वेग मर्यादेत असूनही गळती होते, तो प्रकार वेगळा. डिजिटायझर आपल्या १० गिगाबिटच्या पोर्टवरून पॅकेटं झुंडीने बाहेर टाकतो. झुंडीत एकेक पॅकेट साडेसहा मायक्रोसेकंदांत निघतं. पुढची कडी गिगाबिटची असेल तर स्विचचा इवलासा बफर क्षणात भरतो आणि पुढची पॅकेटं खाली पडतात. दर मिनिटाच्या आलेखात लाइन मात्र अगदी निवांत दिसते. उपाय पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. दोन पॅकेटांतलं अंतर ठरवायची सोय असते, ते साठ मायक्रोसेकंदांच्या आसपास ठेवा. वरचा ६२.५ इथे कामाला येतो. त्याहून जास्त ठेवलं तर डेटा तुंबत जातो, फार कमी ठेवलं तर झुंड तशीच राहते.

आणि एक खोडी, जी पहिल्यांदा समोर आली की माणूस चक्रावून जातो. प्रवाह सुरू होतो, पाच मिनिटं उत्तम चालतो, आणि मग संबंध इमारतीचं नेटवर्क गुदमरतं. कारण साधं आहे. आपला प्रवाह एकतर्फी. घेणारं मशीन उलट काहीच पाठवत नाही. स्विच कुठला पत्ता कुठल्या पोर्टवर आहे हे त्या पोर्टवरून येणाऱ्या पॅकेटांवरून शिकतो आणि बहुतेक वेळा ३०० सेकंद काही आलं नाही, तर ते विसरतो. विसरला की गिगाबिटचा लोंढा सगळ्या पोर्टांवर उधळतो. घेणाऱ्या मशीनवरून दर मिनिटाला एक पॅकेट मागे पाठवत राहिलं की प्रश्न मिटतो. घेणारं सॉफ्टवेअर असं पोचपावतीचं पॅकेट स्वतः पाठवत असेल तर ती सोय बंद करू नका. अनावश्यक रहदारी म्हणून बंद करणारे आम्ही पाहिले आहेत.

इथवर झालं ते नळकाम. पुढचं घड्याळाचं.

प्रत्येक दुर्बिणीवर हायड्रोजन मेझर, म्हणजे अणुघड्याळ, असतो आणि तोच डिजिटायझरला ताल देतो. मेझरचा सेकंद-ठोका आणि जीपीएसचा सेकंद-ठोका यांतलं अंतर काउंटर सतत मोजत असतो. ते अंतर आणि त्याचा सरकण्याचा दर सत्राआधी कोरिलेटरकडे कळवायचा. चिन्ह तपासून कळवा: मेझर पुढे आहे की जीपीएस, हे शब्दांत लिहा. नुसतं अधिक-उणे लिहिलं की अर्धा तास वादात जातो. ६४ चॅनलच्या वर्णपटात कोरिलेटर अधिक-उणे २ मायक्रोसेकंद एवढ्याच टापूत फ्रिंज शोधू शकतो. घड्याळ त्याबाहेर असेल तर २०४८ चॅनल लावून टापू ६४ मायक्रोसेकंदांपर्यंत रुंद करतात, पण नेहमीच्या कामाला तसं चालवणं जड जातं.

मायक्रोसेकंदाची चूक अशी सापडते. अख्ख्या सेकंदाची चूक कुठल्याच टापूत सापडत नाही. डिजिटायझर सेकंद-ठोक्यावर जुळतो, पण तो ठोका कितव्या सेकंदाचा हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. सांगणाऱ्या संगणकाची एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची सोय, बिघडली असेल, किंवा आज्ञा ठोक्याच्या अगदी तोंडावर गेली, तर डेटा नेमका एक सेकंद पुढे किंवा मागे शिक्का मारून निघतो. आकडेवारी सुंदर, गळती शून्य, फ्रिंज नाही. म्हणून प्रत्येक जुळणीनंतर हेडरमधली वेळ आणि भिंतीवरचं घड्याळ ताडून पाहायचं, तेही दुर्बिणीच्या बाजूलाच. पलीकडे पाहिलं तर वाटेतले दीडशे मिलिसेकंद आणि बफरमधला मुक्काम त्यात मिसळतो. व्हीडीआयएफचे सेकंद दर सहा महिन्यांनी, १ जानेवारी आणि १ जुलैला, नव्याने मोजायला सुरू होतात, तेव्हा त्या तारखांनंतरच्या पहिल्या सत्रात कालखंडाचा क्रमांकही बघा.

वाटेतल्या विलंबाची मात्र काळजी नको. पृथ्वीच्या त्रिज्येएवढं अंतर प्रकाश २१ मिलिसेकंदांत कापतो, आणि तेवढा विलंब कोरिलेटर भूमितीवरून काढतो. पॅकेट वाटेत किती रेंगाळलं याला अर्थ नाही, कारण वेळ चौकटीवर कोरलेली आहे. सगळ्यात उशिरा पोहोचणाऱ्या दुर्बिणीसाठी बाकीच्यांचा डेटा मेमरीत थांबवला की झालं. एका सेकंदाचा डेटा १२८ मेगाबाइट, त्यामुळे काही सेकंदांची धीर धरण्याची सोय स्वस्तात होते.

आता फ्रिंज. सत्राच्या सुरुवातीला सगळ्या दुर्बिणी एखाद्या ठसठशीत स्रोताकडे वळतात. ३सी८४ नेहमीचा. जोडीला जर्मनीतल्या एफेल्सबर्गची १०० मीटरची डिश असली तर सोन्याहून पिवळं. कोरिलेटर दोन-दोन सेकंदांच्या बेरजा करतो आणि पडद्यावर प्रत्येक जोडीचा आलेख येतो. आधी ज्याच्या-त्याच्या स्वतःच्या वर्णपटाकडे बघा. दोन-बिट नमुन्यांची वाटणी बाहेरच्या दोन पातळ्यांत सुमारे १७-१७ टक्के आणि आतल्या दोनांत ३३-३३ अशी हवी. चारही पातळ्यांत २५-२५ आले असतील तर संकेत फार जोरात आहे, ॲटेन्युएटर वाढवा. वर्णपटात सुळके उभे असतील तर आसपास कुणीतरी प्रक्षेपण करतंय.

मग जोडीचा आलेख. विलंबाच्या अक्षावर एक टोकदार शिखर आलं की खोलीतला आवाज बदलतो. शिखर आलं, पण कला (दोन लहरींतला टप्प्याचा फरक, फेज) चॅनलभर उतरत जाऊन करवतीच्या दात्यांसारखी दिसते, तर घड्याळात थोडा फरक उरलाय. १६ मेगाहर्ट्झमध्ये पूर्ण एक फेरी म्हणजे ६२.५ नॅनोसेकंद. दाते मोजायचे, घड्याळ तेवढं सरकवायचं, आणि पुढच्या काही सेकंदांत रेघ सपाट होताना पाहायची. उजवं-उजवं आणि डावं-डावं रिकामं, पण उजवं-डावं भक्कम असेल तर दोन ध्रुवणांच्या केबली उलट आहेत. आठपैकी चारच चॅनल गप्प असतील तर त्यांच्या आंदोलकाची वारंवारता बघा. दोन सेकंदांच्या बेरजेत फ्रिंज आहे आणि मिनिटाच्या बेरजेत विरून जातो, याचा अर्थ कुठला तरी आंदोलक मेझरला धरून चालत नाही, मोकळा सुटलाय. यातला एकही दोष पॅकेटांच्या आकडेवारीत दिसत नाही. म्हणून गळती शून्य असल्याचं कळवून कुणी जेवायला जाऊ नये.

सत्र चालू असताना काम तसं कंटाळवाणं. प्रत्येक दुर्बिणीच्या डेटाचं वजन, म्हणजे धड पोहोचलेल्या नमुन्यांचा वाटा, पडद्यावर असतं, १ च्या जवळ. ते ०.९७ झालं तर नोंद करायची, ०.८ झालं तर उठायचं. वजन हळूहळू उतरत असेल तर बहुधा मशीन दमतंय. एकदम पायरीने उतरलं तर वाटेतला मार्ग बदललाय. मार्ग बदलला की पॅकेटं उलटसुलट क्रमानेही येऊ लागतात. क्रमांक पाहून लावून घेणारी खिडकी थोडी मोठी ठेवलेली असली की ती हरवल्यात जमा होत नाहीत.

थेट पाठवताना तोच डेटा दुर्बिणीवर डिस्कवरही उतरवून ठेवावा, असं आमचं ठाम मत आहे. एक गिगाबिटने १२ तासांचे साडेपाच टेराबाइट होतात, डिस्कच्या मानाने फार नाही. लाइन मध्येच मेली, तर तेवढा तुकडा नंतर सावकाश पाठवता येतो. अख्खं सत्र ३०० मेगाबिटच्या लाइनवरून पाठवायला ४१ तास लागतात. शिवाय थेट जुळवलेला डेटा मागे फिरून वेगळ्या मांडणीने जुळवता येत नाही. आणि प्रत्येक ठिकाणी फायबर पुरतंच असंही नाही. इव्हेंट होरायझन टेलिस्कोपने एप्रिल २०१७ मध्ये प्रत्येक दुर्बिणीवर सेकंदाला ३२ गिगाबिट नोंदवले. तो डेटा विमानानेच गेला, आणि दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तिथला हिवाळा सरून विमानं सुरू झाल्यावर, डिसेंबरमध्ये पोहोचल्या.

शेवटचा स्रोत संपला की प्रवाह लगेच तोडू नका. पाठवणाऱ्या बफरमध्ये अजून काही सेकंदांचा डेटा असतो, आणि शेवटच्या नोंदीची शेपटी कापली जाण्याचं हेच नेहमीचं कारण. पलीकडून वेळ पूर्ण झाल्याचा निरोप आल्यावर थांबवा. मग मेझर-जीपीएस अंतर पुन्हा मोजा, सत्राआधीच्या आकड्याशेजारी लिहा, आणि प्रणाली-तापमानाच्या (दुर्बिणीच्या स्वतःच्या गोंगाटाच्या मापाच्या) नोंदींसह लॉग त्याच दिवशी पाठवून द्या. तो नसेल तर फ्रिंज कितीही उंच असला तरी त्याची उंची जान्स्कीत, म्हणजे रेडिओ तेजाच्या एककात, सांगता येत नाही.